मेल येतात पण जात नाहीत: आउटगोइंग अडवलेलं असताना ईमेल प्रोग्राम कसा लावायचा?

शेवंता | सोमवार, दुपारी १२:१०

नमस्कार मंडळी,

मी तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक वाचनालयात काम करते. वाचनालयाचं स्वतःचं डोमेन आहे आणि त्यावर कार्यालय, हिशोब, व्याख्यानमाला असे वेगवेगळे ईमेल पत्ते आहेत. कार्यालयातल्या संगणकावर थंडरबर्ड हा ईमेल प्रोग्राम आहे. प्रकाशकांशी झालेला व्यवहार, देणगीदारांची पत्रं, जिल्हा ग्रंथालय कार्यालयाला पाठवलेले अहवाल, सगळं त्यातच साठलेलं आहे.

नुकतीच टेलिफोनच्या तारेवरची जुनी जोडणी बंद करून गावातल्या केबलवाल्याकडून फायबर घेतलं. तेव्हापासून मेल येतात, पण जात नाहीत. सेंड दाबलं की पट्टी बराच वेळ सरकत राहते आणि मग आउटगोइंग सर्व्हरकडून वेळेत उत्तर आलं नाही, असा संदेश येतो. माझ्या फोनवरून मात्र त्याच पत्त्यावरून मेल व्यवस्थित जातात.

आउटगोइंगची सेटिंग अशी आहे: सर्व्हरचं नाव ‘मेल’ आणि पुढे आमचं डोमेन, पोर्ट २५, सुरक्षा ‘नन’, ऑथेंटिकेशन पासवर्डचं. केबलवाले म्हणतात आमच्याकडून इंटरनेट नीट आहे. होस्टिंगवाले, म्हणजे ज्यांच्या सर्व्हरवर आमच्या डोमेनच्या मेल असतात ते, म्हणतात आमचा सर्व्हर चालू आहे. दोघांचंही खरं असेल, पण व्याख्यानमालेची निमंत्रणं जायची आहेत. जाणकारांनी कृपया मदत करावी.

रानजाई | सोमवार, दुपारी १२:४५

मेल येतात म्हणजे नेटही आहे आणि पासवर्डही बरोबर आहे. मग जाताना काय अडतं? आमच्या मेहुण्यांच्या दुकानातही हेच झालंय. वाचतोय.

निरंजन_औंध | सोमवार, दुपारी १:३०

शेवंताताई, इतका त्रास कशाला? ब्राउझरमधून वेबमेल उघडा आणि पाठवा. आजकाल ईमेल प्रोग्राम लागतो कुणाला?

गोदाकाठ | सोमवार, दुपारी ३:०५

निमंत्रणं आजच जायची असतील तर निरंजन म्हणतात तसं वेबमेल वापरा, ते नक्की चालेल, कारण ते साध्या वेबसाइटसारखं ४४३ पोर्टवरून जातं (पोर्ट म्हणजे सर्व्हरवरचं क्रमांक दिलेलं दार). पण थंडरबर्ड सोडायची काहीच गरज नाही. मी बरीच वर्षं मेल सर्व्हर सांभाळण्याचं काम करतो, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे येणारं आणि जाणारं टपाल या दोन अगदी वेगळ्या वाटा आहेत. मेल आणायला आयमॅप किंवा पॉप वापरतात, त्यांचे पोर्ट ९९३ आणि ९९५ (जुने १४३ आणि ११०). पाठवायला एसएमटीपी. एका वाटेवर सगळं सुरळीत असलं म्हणून दुसरीबद्दल काही ठरत नाही. रानजाई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे.

दुसरी गोष्ट पोर्ट २५ ची. १९८२ साली एसएमटीपी ठरलं तेव्हा सगळं टपाल २५ वरूनच जायचं. तुमच्या संगणकाकडून सर्व्हरकडे आणि एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे, दोन्हीकडे २५. कोण पाठवतंय हे विचारायची पद्धत नव्हती. पुढे स्पॅमवाल्यांनी त्याचा फायदा उठवला. २००३ मधला सोबिग आणि जानेवारी २००४ मधला मायडूम या व्हायरसांत तर मेल पाठवायची स्वतःची यंत्रणाच होती. घरातल्या संगणकात शिरायचं आणि तिथूनच जगभरच्या सर्व्हरांच्या २५ वर थेट मेल ओतायचे. मालकाला पत्ताही नाही. म्हणून जगभरच्या इंटरनेट कंपन्यांनी घरगुती आणि छोट्या जोडण्यांवरून बाहेर जाणारा २५ बंद करायला सुरुवात केली. ब्राझीलने तर २०१२-१३ च्या सुमारास हे देशपातळीवर केलं आणि तिथून निघणारा स्पॅम खूप घटला.

तेव्हा तुमच्या नव्या जोडणीवर २५ बंद असेल तर तो केबलवाल्यांचा दोष मानू नका. ‘इंटरनेट नीट आहे’ हे त्यांचं म्हणणंही खरंच आहे. २५ उघडून द्या म्हणून त्यांच्या मागे लागू नका. तो बंद असणं तुमच्याही भल्याचं आहे.

ग्राहकाने मेल सोपवायची जागा १९९८ सालीच वेगळी केली गेली, ती पोर्ट ५८७. एसटीच्या डेपोत गाड्या मागच्या गेटने ये-जा करतात आणि आपण पार्सल द्यायला पुढच्या खिडकीवर जातो, तसं हे आहे. २५ हे सर्व्हर-सर्व्हरमधलं गेट, ५८७ ही आपली खिडकी, आणि खिडकीवर नाव सांगावं लागतं, म्हणजे लॉगिन. ४६५ हाही खिडकीचाच दुसरा पोर्ट. मध्यंतरी तो अधिकृत यादीतून काढला होता, पण वापर कधी थांबला नाही, आणि जानेवारी २०१८ च्या आरएफसी ८३१४ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम ठरवणारे क्रमांकित दस्तऐवज) त्याचीच शिफारस केली गेली, कारण त्यात पहिल्या अक्षरापासून संभाषण कुलूपबंद असतं. ५८७ वर आधी साधं बोलणं सुरू होतं आणि मग ‘स्टार्टटीएलएस’ म्हणून कुलूप लागतं.

आता करायचं काय. थंडरबर्डमध्ये अकाउंट सेटिंग्ज उघडा. डावीकडच्या यादीत अगदी खाली ‘आउटगोइंग सर्व्हर (एसएमटीपी)’ असं दिसेल. तुमचा सर्व्हर निवडून एडिट करा. पोर्ट ४६५, कनेक्शन सिक्युरिटी ‘एसएसएल/टीएलएस’, ऑथेंटिकेशन ‘नॉर्मल पासवर्ड’, आणि युजरनेममध्ये पूर्ण ईमेल पत्ता, नुसता @ च्या आधीचा भाग नाही. ते चाललं नाही तर पोर्ट ५८७ आणि सिक्युरिटी ‘स्टार्टटीएलएस’. सुरक्षा ‘नन’ ठेवायची नाही.

आणि एक कळकळीची विनंती. आतापर्यंत सुरक्षा ‘नन’ होती, म्हणजे वाचनालयाचा पासवर्ड तारेवरून उघडाच जात होता. मेल सुरू झाले की सगळ्या पत्त्यांचे पासवर्ड बदला.

शेवंता | सोमवार, सायंकाळी ५:२०

गोदाकाठ, मनापासून धन्यवाद. वाचनालय सात वाजता बंद होतं, त्याआधी करून बघते.

निरंजन, वेबमेलची सूचना कामाची आहे, आजची दोन पत्रं तशीच पाठवली. पण वेबमेलची जागा होस्टिंगच्या पॅकेजमध्ये मोजून मिळते. जुनी पत्रं तिथे राहत नाहीत, ती इथल्या संगणकावर उतरवून घेतली आहेत. एखाद्या देणगीदारांच्या मुलाने येऊन ‘बाबांनी कुठली पुस्तकं दिली होती?’ असं विचारलं तर मी त्या पत्रांतच शोधते. ती एका जागी, आपल्या हाताखाली असणं आम्हाला महत्त्वाचं वाटतं.

उत्तरा_हिशेब | सोमवार, सायंकाळी ६:०२

शेवंताताईंशी पूर्ण सहमत. मी पतसंस्थेत आहे. लेखापरीक्षक जुना पत्रव्यवहार मागतात तेव्हा नेट नसतानाही उघडणारी पत्रं लागतात. ईमेल प्रोग्राम जुनाट झालाय असं म्हणणाऱ्यांनी कार्यालयात बसून बघावं.

रानजाई | सोमवार, रात्री ८:१५

मेहुण्यांच्या दुकानात जाऊन आलो. पोर्ट ४६५ केला, बाकी सेटिंग होती तशी ठेवली. ‘स्टार्टटीएलएस’ आधीपासूनच निवडलेलं होतं. तरी तेच, पट्टी सरकत राहते आणि वेळ संपते. म्हणजे ४६५ पण बंद आहे का?

गोदाकाठ | सोमवार, रात्री ८:४०

नाही रानजाई, तसं असेलच असं नाही. ही जोडीची गडबड आहे आणि ती फसवी असते. ४६५ वर सर्व्हर कुलूपबंद संभाषणाची वाट बघत असतो. ‘स्टार्टटीएलएस’ निवडलं की तुमचा प्रोग्राम सर्व्हरच्या साध्या नमस्काराची वाट बघतो. दोघंही एकमेकांची वाट बघत बसतात आणि शेवटी वेळ संपते. बाहेरून बघणाऱ्याला पोर्ट बंद असल्यासारखंच दिसतं. ४६५ बरोबर एसएसएल/टीएलएस, ५८७ बरोबर स्टार्टटीएलएस, या जोड्या पक्क्या आहेत.

पोर्ट खरंच बंद आहे का, हे सेटिंग न बदलता तपासता येतं. विंडोजमध्ये पॉवरशेल उघडून ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ ही आज्ञा रोमन अक्षरांत टाइप करा, पुढे सर्व्हरचं नाव, मग ‘-पोर्ट’ आणि आकडा. शेवटच्या ओळीत ‘ट्रू’ आलं तर वाट मोकळी. ‘फॉल्स’ आलं तर संगणक फोनच्या हॉटस्पॉटला जोडून तीच आज्ञा पुन्हा द्या. हॉटस्पॉटवर ‘ट्रू’ आणि वायफायवर ‘फॉल्स’, तर अडथळा त्या जोडणीत किंवा राउटरमध्ये आहे. दोन्हीकडे ‘फॉल्स’ असेल तर सर्व्हरचं नाव चुकलंय, किंवा त्या सर्व्हरवर तो पोर्टच उघडा नाही, किंवा संगणकातलाच अँटिव्हायरस आड येतोय.

टोरांटोकर | मंगळवार, पहाटे ४:५०

इथे कॅनडातही घरगुती जोडणीवर २५ बंद असणं नेहमीचं आहे. मोठ्या क्लाउड कंपन्याही, म्हणजे गूगल क्लाउड, ॲझ्युर, ॲमेझॉन, नव्या भाड्याच्या सर्व्हरवरून बाहेर जाणारा २५ सहसा अडवूनच ठेवतात.

एक पर्याय सुचवतो. बऱ्याच इंटरनेट कंपन्यांचा स्वतःचा आउटगोइंग सर्व्हर असतो. आउटगोइंगमध्ये त्याचं नाव टाकलं की २५ चा प्रश्न येतच नाही. पूर्वी आम्ही सगळे तसंच करायचो.

गोदाकाठ | मंगळवार, सकाळी ९:३०

टोरांटोकर, पूर्वी ते बरोबर होतं, पण स्वतःचं डोमेन असणाऱ्यांना आज मी तो सल्ला देणार नाही. वाचनालयाच्या डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या सार्वजनिक नोंदवहीत, एसपीएफ नावाची नोंद असते. ‘आमच्या नावाने मेल पाठवायची परवानगी या सर्व्हरांना आहे’ असं ती जगाला सांगते. पत्र इंटरनेट कंपनीच्या सर्व्हरमधून गेलं तर तो त्या यादीत नसतो, आणि डोमेनची डीकेआयएम सहीही पत्रावर लागत नाही, कारण ती होस्टिंगचा सर्व्हर लावतो. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने पाठवणाऱ्या प्रत्येकाला एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक तरी आवश्यक केलं आहे. दिवसाला ५,००० पेक्षा जास्त पाठवणाऱ्यांना दोन्ही आणि शिवाय डीमार्क, म्हणजे या तपासणीत नापास झालेल्या पत्राचं काय करायचं ते सांगणारी डोमेनची नोंद. पत्र ‘गेलं’ असं दिसेल आणि समोरच्याच्या स्पॅममध्ये पडून राहील, किंवा परत येईल. अडलेल्या पत्रापेक्षा हे वाईट, कारण आपल्याला कळतच नाही.

ज्या सर्व्हरवर तुमची पेटी आहे त्यालाच पाठवायलाही द्या, हेच खरं.

टोरांटोकर | मंगळवार, सकाळी १०:१५

पटलं. एसपीएफचा मुद्दा महत्त्वाचा आहे.

अण्णा_मिरज | मंगळवार, सकाळी ११:००

आमच्या कार्यालयात एक नियम होता, आधी ‘रिसीव्ह’ दाबायचं आणि मगच ‘सेंड’. तसं केलं तरच पत्र जायचं. शेवंताताईंनी तेही करून बघावं.

गोदाकाठ | मंगळवार, सकाळी ११:२५

अण्णा, तुमची आठवण अगदी बरोबर आहे. त्याला ‘पॉप बिफोर एसएमटीपी’ म्हणायचे. पाठवताना लॉगिन घ्यायची सोय नव्हती, म्हणून मेल उतरवताना तुम्ही पासवर्ड दिलात की सर्व्हर तुमचा आयपी पत्ता काही मिनिटं लक्षात ठेवायचा आणि तेवढ्यापुरतं पाठवू द्यायचा. आता पाठवतानाच लॉगिन होतं, त्यामुळे त्याची गरज राहिली नाही. शिवाय आज छोट्या जोडण्यांवर अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा आयपी पत्ता असतो. एकाने पासवर्ड दिला म्हणून सगळ्यांना दार उघडणं धोक्याचं झालं असतं.

शेवंता | मंगळवार, दुपारी १२:४०

थोडी प्रगती आहे. पॉवरशेलमध्ये २५ ला ‘फॉल्स’ आणि ४६५, ५८७ दोन्हींना ‘ट्रू’ आलं. हॉटस्पॉटवर ४६५ ची मेलही गेली. पण वायफायवर दोन नव्या गोष्टी दिसल्या. ४६५ केल्यावर सर्टिफिकेटवरचं नाव जुळत नाही असा इशारा येतो आणि ‘एक्सेप्शन’ मंजूर करायचं का असं विचारतो. हॉटस्पॉटवरही तो आला होता, तिथे मी मंजूर न करता फोनवरचं सर्व्हरचं नाव टाकलं, तेव्हा गेली. ‘व्याख्यानमाला’ खात्यातून पाठवलं तर मात्र ५३५ आकड्याची एरर येते.

गोदाकाठ | मंगळवार, दुपारी १:३०

तुम्ही एक्सेप्शन मंजूर केलं नाहीत ते फार चांगलं केलंत. तो इशारा म्हणजे ‘ज्याच्याशी बोलतोय तो तोच आहे याची खात्री होत नाही’ असं प्रोग्राम सांगतोय. स्वस्त होस्टिंगवर एका सर्व्हरवर शेकडो डोमेन असतात आणि सर्टिफिकेट होस्टिंगच्या सर्व्हरच्या नावाचं असतं. होस्टिंग सांभाळायचं सीपॅनेल हे पान असेल तर ईमेल अकाउंट्समध्ये ‘कनेक्ट डिव्हाइसेस’ या पानावर नेमकं नाव दिलेलं असतं. तेच टाका, वायफायवरही आणि इनकमिंगमध्येही. किंवा होस्टिंगवाल्यांना तुमच्या ‘मेल’ नावासाठी लेट्स एन्क्रिप्टचं मोफत सर्टिफिकेट लावायला सांगा. नाव बरोबर असूनही इशारा आला तर संगणकाचं घड्याळ बघा. मदरबोर्डवरचा सेल संपला की तारीख मागे जाते आणि सगळी सर्टिफिकेटं चुकीची वाटायला लागतात.

आता ५३५. हा आकडा दिसला म्हणजे वाट मोकळी झाली, सर्व्हरशी बोलणंही झालं, फक्त लॉगिन नाकारलं गेलं. थंडरबर्ड येणाऱ्या आणि जाणाऱ्या मेलचे पासवर्ड वेगवेगळे साठवतो. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली सेव्ह्ड पासवर्ड्स उघडा. तिथे ‘एसएमटीपी’ ने सुरू होणारी त्या खात्याची नोंद काढून टाका, पुन्हा पाठवताना तो नवा पासवर्ड विचारेल. तसंच प्रत्येक खात्याच्या मुख्य पानावर तळाशी त्याचा आउटगोइंग सर्व्हर निवडलेला असतो. व्याख्यानमाला खातं कार्यालयाच्या लॉगिनने पाठवत नाहीये ना, ते बघा.

एररमधला आकडा वाचायची सवय सगळ्यांनीच लावावी असं मला मनापासून वाटतं. ‘मेल जात नाही’ एवढं सांगितलं तर मदत करणाराही अंधारात चाचपडतो. काहीच उत्तर नाही, वेळ संपली, तर वाट बंद किंवा पोर्ट-सुरक्षेची जोडी चुकलेली. ५३० म्हणजे आधी कुलूप लावा किंवा आधी लॉगिन करा. ५३५ म्हणजे नाव-पासवर्ड. ५५० किंवा ५५४ आणि मजकुरात ‘रिले’ हा शब्द असेल तर सर्व्हरने तुम्हाला ओळखलंच नाही, ऑथेंटिकेशन बंद आहे. ५५२ म्हणजे जोडलेली फाइल जड झाली किंवा जागा भरली. चाराने सुरू होणारा आकडा तात्पुरता असतो, थोड्या वेळाने पुन्हा पाठवावं. आकडा आणि पुढची ओळ जशीच्या तशी उतरवून द्या, फक्त पासवर्ड कुठेही लिहू नका.

उत्तरा_हिशेब | मंगळवार, दुपारी २:१०

आमचं एक खातं जीमेलचं आहे. त्याला ५३५ येतो. पासवर्ड बरोबर आहे, ब्राउझरमध्ये तोच चालतो.

गोदाकाठ | मंगळवार, दुपारी २:३५

गूगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक जीमेल खात्यांना नुसत्या नेहमीच्या पासवर्डवर बाहेरच्या प्रोग्राममधून लॉगिन करणं थांबवलं. ऑथेंटिकेशनमध्ये ‘ओऑथ२’ निवडा. गूगलचं लॉगिनचं पान उघडेल, तिथे परवानगी द्या. प्रोग्राम जुना असून ओऑथ२ नसेल, तर खात्यावर टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करून १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड तयार करा आणि तो वापरा. आउटलुक डॉट कॉमच्या वैयक्तिक खात्यांना १६ सप्टेंबर २०२४ पासून ओऑथच लागतं.

दर्यावर्दी | मंगळवार, दुपारी ३:४५

इथेच विचारतो. मी वसतिगृहात आहे. ५८७ आणि ४६५ दोन्हींना ‘फॉल्स’. हॉटस्पॉटवर ‘ट्रू’.

गोदाकाठ | मंगळवार, सायंकाळी ४:२०

मग तिथल्या फायरवॉलवर वेबशिवाय बाकी सगळं बंद असणार. संगणक विभागाला ५८७ आणि ४६५ उघडा म्हणून लेखी विनंती करा. हे लॉगिन लागणारे पोर्ट आहेत आणि आरएफसी ५०६८ मध्ये नेटवर्कवाल्यांनी ५८७ अडवू नये असं स्पष्ट म्हटलंय, त्याचा हवाला द्या. तोपर्यंत वेबमेल. काही मेल सेवा २५२५ वरही मेल घेतात, ते तुमच्या सेवेच्या मदतपानावर दिलेलं असेल.

एक खूण सांगून ठेवतो. पोर्ट उघडा आहे, पण टेलनेटने (सर्व्हरशी थेट अक्षरांत बोलायचा साधा प्रोग्राम) जोडल्यावर सर्व्हरच्या नावाऐवजी २२० आणि पुढे नुसत्या चांदण्यांची (*) ओळ दिसली, तर मधली फायरवॉल एसएमटीपी संभाषणात हात घालतेय. ती ‘स्टार्टटीएलएस’ हा शब्दही पुसून टाकते आणि प्रोग्रामला वाटतं सर्व्हरला कुलूप लावताच येत नाही. तेव्हा सुरक्षा काढून टाकायचा मोह होतो, तो टाळा आणि ४६५ वापरा. तिथे पहिल्यापासून कुलूप असल्याने तिला आत काही दिसत नाही.

रानजाई | मंगळवार, रात्री ८:००

मेहुण्यांचं सुरू झालं! ४६५ आणि एसएसएल/टीएलएस. फक्त एक आहे, पत्र गेल्यावर ‘सेंटमध्ये प्रत ठेवतोय’ असं म्हणत अडकतं. त्यांनी पुन्हा पाठवलं, तर गिऱ्हाइकाला एकच कोटेशन तीनदा गेलं.

गोदाकाठ | मंगळवार, रात्री ८:३०

ते पाठवणं नाही, पाठवून झाल्यावरचं काम आहे. प्रत आयमॅपने सर्व्हरवरच्या सेंट फोल्डरमध्ये ठेवली जाते. तिथे अडकलं तर पत्र गेलेलं असतं, पुन्हा पाठवू नका. सर्व्हरवरची जागा भरली आहे का ते आधी बघा. नाहीतर कॉपीज अँड फोल्डर्समध्ये प्रत संगणकावरच्या लोकल फोल्डर्समध्ये ठेवा.

शेवंता | बुधवार, सकाळी ११:५०

सगळी खाती सुरू झाली. होस्टिंगच्या सर्व्हरचं नाव, ४६५, एसएसएल/टीएलएस, प्रत्येक खात्याला त्याचं स्वतःचं लॉगिन. पासवर्डही बदलले. आमच्या कार्यालयातलं स्कॅन करून मेल पाठवणारं यंत्रही बंद पडलं होतं, त्यातही २५ च होता. त्याला ४६५ दिल्यावर तेही चालू झालं.

आता निमंत्रणं. साधारण साडेतीनशे सभासदांचे पत्ते आहेत. सगळे बीसीसीमध्ये टाकून एकदम पाठवू का?

गोदाकाठ | बुधवार, दुपारी १२:१५

एकदम नको. बहुतेक होस्टिंगवर तासाला किती मेल जाऊ शकतात याची मर्यादा असते आणि बीसीसीतला प्रत्येक पत्ता त्यात वेगळा मोजला जातो. आधी होस्टिंगवाल्यांना तो आकडा विचारा आणि त्याच्या बऱ्याच आत राहतील अशा गटांनी पाठवा. पहिल्या गटात समितीतल्या लोकांचे जीमेल आणि आउटलुकचे पत्ते घ्या. पत्र इनबॉक्समध्ये आलं की स्पॅममध्ये गेलं, ते त्यांना फोन करून विचारा. जीमेलमध्ये पत्र उघडून ‘शो ओरिजिनल’ केलं की एसपीएफ आणि डीकेआयएमसमोर ‘पास’ लिहिलेलं दिसायला हवं. तसं दिसलं की बाकीचे गट पाठवा. पोस्टमास्टर किंवा ‘मेलर-डीमन’कडून परत आलेली पत्रं टाकून देऊ नका, त्यातले बंद झालेले पत्ते यादीतून काढा.

शेवंता | बुधवार, सायंकाळी ६:४०

समितीतल्या सगळ्यांना इनबॉक्समध्ये मिळालं, दोन्हींसमोर ‘पास’ आहे. होस्टिंगची मर्यादा तासाला १०० सांगितली, म्हणून पन्नास-पन्नासचे गट केलेत. उरलेले उद्या सकाळी पाठवते.